जुन्या कचेरीच्या चौदा पायऱ्या

जबाब देणार: मिस्त्री (कामावर व गल्लीत याच नावाने ओळख). वय: ५२. धंदा: दगडकाम. राहणार: जुन्या कचेरीमागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, जुनी कचेरी 'मूळ स्वरूपात आणण्याचे' काम चालू असून आतला दगडी जिना माझ्याकडे होता. मेहुणा माझ्या हाताखाली असतो.

जिन्याला चौदा पायऱ्या. शंभरेक वर्षांच्या वर्दळीने प्रत्येकीच्या मधोमध खळगा पडला होता. मी नवे दगड न आणता जुनेच पालथे करून बसवले. आमच्या धंद्यात ही रीत आहे. खालची बाजू वर आली, तिच्यावर पहिल्या कारागिराच्या टाकीचे घाव कालचे वाटावेत असे होते. इंजिनियर साहेब खूश झाले. माझीही छाती फुगली, खोटे कशाला बोलू.

दिनांक ३ रोजी जिना खुला झाला. सकाळी दहाला टेलिफोनवरच्या ताई चढताना तिसऱ्या पायरीला अडखळून पडल्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. एकतीस वर्षे त्या काठी पिशवीत ठेवून हा जिना चढत आल्या; कोणती पायरी किती खोल, हे त्यांच्या पायांना पाठ. कामाचे दोन महिने त्या तळमजल्यावर बसत होत्या. उजवे मनगट मोडले, आणि कठडाही उजव्याच अंगाला आहे. दगड फिरवल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगायचे ते मीच. मला सुचलेच नाही.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत मी रिकाम्या जिन्यावर बसत असे. वरच्या खिडकीतून ऊन उतरे. पूर्वी ते खळग्यांत साचायचे, आता घरंगळून जाई. डोळे मिटले की पावले ऐकू येत. टपालवाले, कारकून, अर्ज घेऊन आलेले, कधीच वारलेले, अजून जन्मायचे असलेले, सगळे पायरीच्या मधोमधच चालत. त्यांची वाट मी मातीकडे तोंड करून पुरली होती. मला फार वाईट वाटले.

दिनांक ५ रोजी दवाखान्यात ताईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "अहो मिस्त्री, पहिल्या दिवशी जिना कसा होता ते सगळ्यांना हवंय. त्या दिवशी तो चढलं होतं कोण? कुत्रंसुद्धा नाही!" आणि हसल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी येते मी. घरी राहिले तर कायमची बसवतील." मी म्हटले, हात धरून नेतो. त्यावर म्हणाल्या, "एकदा हात धरला की रोज शोधावा लागेल. नको."

खळगे पुन्हा वर आणू द्या म्हणून इंजिनियर साहेबांना विनवले. ते म्हणाले, "फाइल बंद झाली मिस्त्री, फोटोही गेले वर."

आज दिनांक ८, रविवार, सकाळी सात ते दुपारी तीन या वेळेत मी व मेहुण्याने खालच्या नऊ पायऱ्या काढून खळगे वर आणले. चुना ओला होता, दगड मुकाट सुटले. तीनला पहारेकऱ्याने आम्हाला पाहून साहेबांना कळवले, साहेबांनी पोलिसांना. मेहुण्याने माझ्या सांगण्यावरून केले, त्याला यात गोवू नये.

ऐतिहासिक इमारतीचे नुकसान केले हे कबूल आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की, पहिल्या वेळी केले. ते कबूल आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच उतरला आहे. सहीआधी एवढे जोडून घ्यावे: वरच्या पाच पायऱ्या राहिल्या आहेत आणि ताई उद्या दहाला येणार आहेत. आत्ता साडेचार वाजलेत. माझी पहार आपल्या टेबलाखाली आहे, ती द्यावी.