ताईच्या डब्यातली बिस्किटं

हॅलो?… थांब, थांब, दार लोटून घेते आधी… हां, बोल ताई. हळूच बोलतेय, ठमी आत्ता कुठे झोपलीय. चार महिन्यांची पोर, पण कान म्हणशील तर… हो, ऐकतेय ना.

काय?… तुझाच आवाज तुटतोय. बसमध्ये आहेस?… मग खिडकीशी सरक जरा. हां, आता येतोय.

डबा? मिळाला की. मागच्या आठवड्यातच मिळाला… कळवायचं राहून गेलं… अगं खरंच राहिलं. बिस्किटं ना? छान दिसत होती… ‘दिसत होती’ म्हणजे… अगं ऐक ना… बरं, तू बोल आधी.

कसली पावडर?

…हं… हं… आज पुन्हा करायला घेतलीस आणि पावडरचा डबा हातात आला. तेव्हा डोक्यात उजेड पडला… दुधाची. अच्छा… दोन वाट्या? सढळ हातानं घातलीस की!… नाही, नाही, चिडले नाही. इतक्या वर्षांची सवय, हात जातोच. तू मुद्दाम करशील का?

नाही खाल्ली… नाही गं, एकही नाही. डबा तसाच आहे… शप्पथ काय घ्यायला लावतेस, लहान आहोत का आता?… ठमी मस्त आहे. एकदम मस्त.

सवय? होतेय हळूहळू. अडीच महिने झाले आता दूध सोडून… चहा कोराच. ते ओटचं दूध आणलं होतं, चहात घातलं तर असं फाटल्यासारखं झालं, बघवेना. म्हटलं, त्यापेक्षा कोरा बरा… दही नाही, लोणी नाही, चीज नाही, काही म्हणजे काही नाही. माझ्या पोटात गेलं की अंगावरच्या दुधातून ठमीच्या पोटात जातं आणि तिला बाधतं, म्हणून तर… हो, ती मोठी झाली की सोसेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पण वर्षभर तरी नाही.

अगं, पावातसुद्धा असतं! परवा दुकानात पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत उभी होते, तर मागचे काका म्हणतात, “बाई, पेपर किती वाजता आहे?”… हसू नकोस. मीही हसलेच म्हणा. त्या दिवशी तेवढंच एक माणूस बोललं माझ्याशी.

सासूबाई? त्यांचा रोज फोन. “बाळंतिणीनं दूध प्यायचं नाही तर काय बोक्यानं प्यायचं?”… आता त्यांना कोण समजावणार! मी नुसतं हो हो म्हणते… काय म्हणालीस? दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून… अगं बाई, माझं ताकही बंद आहे! फुंकू काय?

…शेजारणी? चहाला बोलवायच्या की आधी. आता नाही बोलवत. वाईट नाहीत गं त्या. हिला द्यायचं काय, हा त्यांना प्रश्न. मग बोलवायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. पलीकडे कपांचा आवाज येतो, गप्पा येतात. मी इकडे ठमीला थोपटत बसते.

ठमीचा बाबा? तो जहाजावरच. लागला तर लागतो फोन. “तू खंबीर आहेस” म्हणतो… आहेच मी. दुसरं कोण आहे इथे खंबीर व्हायला?

आवाज? काही नाही, सर्दी आहे… नाही गं, रडत नाहीये. सर्दी आहे.

…

ताई, ऐक. मी खाल्ली बिस्किटं. मंगळवारी दुपारी. आणि चुकून नाही खाल्ली. पहिल्या घासालाच कळलं, यात दूध आहे. कळलं, आणि तरी आणखी चार खाल्ली. ओट्याशी, उभ्याउभ्या. तो गेल्यापासून मी शिजवते आणि मीच खाते गं. माझ्यासाठी म्हणून कुणी काही केलेलंच नाही. तुझ्या बोटांचे ठसे होते प्रत्येकावर. मला थांबताच येईना… दुसऱ्या दिवशी ठमीच्या लंगोटात रक्ताचे धागे. पाय पोटाशी घेऊन तीन दिवस किंचाळत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय खाल्लंत?” मी म्हटलं, “काहीच वेगळं नाही.” तोंडावर खोटं बोलले. मग त्यांना वाटलं, दुसरंच काहीतरी बाधतंय. अंडी बंद केली, सोयाबीन बंद केलं. आता मी काय खायचं?… त्यालाही नाही सांगितलं मी. कुणालाच नाही. पाच बिस्किटांसाठी मी माझ्या लेकीला… ताई, ओरड ना मला. गप्प नको बसूस. वाट्टेल ते बोल, पण बोल.

ताई?… हॅलो?… हॅलो?

…

हॅलो?… हो, कट झाला होता… बोगदा लागला का?… मला वाटलं, तू… काही नाही. शेवटचं काय ऐकलंस?

…‘सर्दी आहे’?

त्याच्यापुढे काहीच नाही?

…नाही, पुढे काही विशेष नव्हतं. असंच आपलं, त्या ओटच्या दुधाचं… खरंच काही नाही… अगं, तू कशाला रडतेस? बसमध्ये लोक बघतील. तू काही केलेलं नाहीस, ऐकलंस का? काहीही झालेलं नाही. पोर गाढ झोपलीय इथे… हो… टाकून देते, हो, आजच टाकते, मग तर झालं?

जेवले ना. भात… भात आणि बटाटा… पुरतं गं. एकटीला किती लागतं?

तुझा स्टॉप आला?… बरं, उतर सांभाळून. मागचं दार बघ, घाई करू नकोस… ताई, एक सांगू?… पुन्हा कर. बिनपावडरीची, बिनअंड्याची… अंडंही नको, हो, नवीन निघालंय ते… कशी का होईनात. वातड झाली तरी चालतील. पण कर… हं.

…ठेव तू. नाही, तूच ठेव आधी. माझ्यानं नाही ठेववत.