खांद्याच्या वरचा रॅक

शिवाजी पेठेतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात फरहीन फाटकाची बिजागरी जोडून घ्यायला बसली होती. पुढं एक म्हातारं जोडपं रॅक ठरवत होतं. दुकानदाराच्या हातात टेप होता. फरहीननं मोबाइल कधीच खाली ठेवला होता.

"पत्र्याचा नको, लोखंडी अँगलचाच करा. माशांच्या टाक्या ठेवायच्यात, पाण्यानं भरलेल्या."

"करू की, पावणं. खालचा कप्पा गुडघ्याएवढा धरू?"

"न्हाय. माझ्या खांद्याच्या वर."

"एवढं वजन वर? रॅकचा तोल जाईल! आन् मासं बघायला स्टूल घ्यायचं काय?"

"घेऊ. पुराचं पाणी खांद्याला लागलंतं घरात."

"सांगा की त्यास्नी सगळं. टीव्ही माळ्यावर टाकला, तांदूळ टाकला, आन् पोरीच्या टाक्या तेवढ्या खाली ठेवल्या ह्यांनी."

"अगं, गप की."

"का गप? पोर रडत हुती, आबा, आधी मासं वर घ्या म्हणून. तर हे हसले. म्हणले, मासं पाण्यातच जगत्यात, पुरात त्यास्नी काय हुतंय?"

"मला खरंच तसं वाटलंतं."

"मग, पावणं?"

"पूर वसरल्यावर घरी परत आलो, तर टाक्या गाळानं भरल्यात्या. पोरीनं एकटीनं उपसल्या."

"आता पोरीनं परत मागितल्यात व्हय मासं?"

"लगीन होऊन हातकणंगल्याला असती ती. मासं मागितलं न्हाईत. त्या दिवसापास्नं तिनं माझ्याकडं कायच मागितलं न्हाय."