दोन्ही हातांचा राम राम

शेलूबाजारच्या फाट्यावर सोजरबाई सकाळपासून मानोऱ्याच्या मोटारीची वाट पाहून कावली होती. शेजारी जगदेव सायकलवाल्या इंद्रभानला विचारत होता,

"तू रस्त्याच्या मधातून सायकल चालवतो, बैलबंडीवाले चाबूक उगारत अंगावर येतात, तुले राग नाई येत?"

"कायले? मी म्हनतो, 'राम राम, मामा!' मंग त्याले दोन्ही हात जोडाच लागतात. चाबूक आपोआप खाली."

"अन् मोटारवाला?"

"आज सकाळीच एक भोंगा वाजवत आला. म्या म्हनलं, राम राम, मामा!"

"मंग?"

"चांगल्या घरचा मानूस. त्यानंबी दोन्ही हात जोडले."

"अन् मोटार?"

"नाल्यात. मामा काठावर बसून बिडी ओढून राह्यला."

"कोन्ती मोटार?"

"मानोऱ्याची."

सोजरबाईनं काठी उगारली.

"राम राम, मावशी!"

दातओठ खात तिनं काठी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले.

"राम राम, मुडद्या!"