चकचकीत गोळा

स्वस्त परदेशी पोलादावर सरकारनं कर बसवला आणि बंदरावरची पोलादाची भट्टी वाचली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्या सकाळी पावाच्या रांगेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

यास्नाचा नवरा त्याच भट्टीवर होता. तिच्या पुढे कामगार संघटनेचे दोघं उभे होते, म्हातारे एलेउतेरियो, ज्यांना सगळे आदरानं ‘डॉन’ म्हणत, आणि तरणा व्लादिमीर.

“राजधानीत, सांतियागोला, कर ठरवणाऱ्या आयोगापुढे आपल्या मालाचा नमुना ठेवलास ना?”

“ठेवला, डॉन. तांब्याच्या खाणीत दगड भरडतो तो पोलादी गोळा. सगळे बघतच राहिले.”

“आपला तर गंजला होता.”

“म्हणून नवा विकत घेतला. चकचकीत! तोही निम्म्या किमतीत.”

“निम्म्या? कुठला रे?”

“दुकानातला.”

“आणि दुकानात कुठून आला?”

“चीनमधून असेल.”

“अरे गाढवा! चिनी माल आपल्याला मारतोय, हेच सांगायला गेला होतास ना?”

“मग, पुरावाच दिला की.”

“आयोग काय म्हणाला?”

“असं अस्सल देशी पोलाद जगलंच पाहिजे, म्हणाला. अध्यक्षांचे तर डोळे भरून आले. आता फक्त प्रयोगशाळेत तपासणार आहेत.”

“म्हणजे भट्टी विझली म्हण.”

“विझत नाही,” यास्नानं पर्समधलं पेन पुढे केलं. “पावाच्या पिशवीवर लिहा, डॉन. मी सांगते.”

“माननीय आयोगास सविनय विनंती. सदर गोळा ही राष्ट्राची अस्मिता असल्याने तो कापू, घासू अथवा जवळून पाहू नये, आणि निकाल लागताच सन्मानपूर्वक खोल समुद्रात सोडावा.”