टायरच्या गाडीची सूट

...आणि वर म्हणायचं सूट! अहो, सूट म्हणजे माणसाच्या खिशात चार पैसे जास्त राहायला हवेत की नको? तुम्हाला सांगतो, आमच्या चौलातल्या दयाराम गाडीवानाला दोन वर्षं हा एकच प्रश्न छळतोय, दिसेल त्याला धरून विचारतो, बाबा रे, सूट गेली कुठं?

त्याचं असं झालं. रेवदंड्याच्या बंदरापर्यंत डांबरी सडक आली, आणि बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ती सडक कापते म्हणून सरकारनं काढलं, की जो रबरी टायरची नवी गाडी घेईल त्याला शंभर रुपये सूट. जुनी चाकं तेवढी जमा करायची. साहेब स्वतः येऊन सांगून गेले, "एकच बैलजोडी दुप्पट माल ओढेल, मंडळी. दुप्पट कमवाल." दयारामनं घरी येऊन बायकोला, राहीला, हेच ऐकवलं आणि तिची म्हैस विकायला काढली. राही म्हणाली, "म्हैस परत कवा?" हा म्हणाला, "वर्सात. आन् एक न्हाय, दोन."

गेला अलिबागला दुकानात. गाडी पाचशे रुपये. "शेट, गेल्या म्हयन्यात चारशे सांगितली व्हती की!" शेट म्हणाला, "तवा सूट कुठे होती, भाई? आता समद्यांना गाडी पायजे. भाव तर चढेल ने!" म्हणजे बघा हं, सरकारनं शंभर दिले, दयारामनं पदरचे चारशेच मोजले, आणि गाडी तीच. मग सूट गेली कुठं?

जुनी चाकं फोडून सरपण करायचं काम विठोबा सुताराला मिळालं. आता ज्यानं बाभळीचं लाकूड दोन पावसाळे मुरवून ती चाकं घडवली त्यालाच म्हणायचं फोड... त्यानं फोडली बिचाऱ्यानं, दहा जोड्या फोडल्या. जमा अकरा झाल्या होत्या, पण साहेब काय ढलप्या मोजत बसणार होते?

तर गावात अकरा नव्या गाड्या. सगळ्या दुप्पट माल नेणाऱ्या. पण माल? सुपारी काय टायर बघून दुप्पट लागते? गोदूबाईंची वाडी सगळ्यांत मोठी, त्यांनी खेपेचे बारा आण्यांचे आठ आणे केले. "अर्ध्या गाड्या रिकाम्या उभ्या, मी जास्त का देऊ?" दयाराम दारात उभा राहून विचार करतोय, दुकानात गेली म्हणावं तर ती शंभरच, हे भाड्यातले चार आणे कुणी नेले? राही म्हणाली, "बैलांचं वजं हलकं झालं, ते बघा." म्हणाली खरी, पण म्हशीच्या रिकाम्या दावणीकडे बघत म्हणाली, आणि दयारामला ते लागलं.

म्हणून गेला गोदूबाईंकडे. त्यांनी एकच सांगितलं, "उद्या गलबत भरतीला सुटतंय. पहिली खेप वेळेत पोचव, वर्षाचं काम तुझं." वर्षाचं काम म्हणजे म्हैस आलीच की घरात!

निघाला. आवाज नाही, धक्का नाही, गाडी लोण्यावरून चालल्यासारखी. आणि वाडीच्या पाखाडीच्या अरुंद वाटेत, जिथं कालवांच्या शिंपल्या पसरलेल्या, तिथं फुस्स. टायर बसला. हवा भरायचा पंप अलिबागला, भरती दारात, आणि आमचा दयाराम काय करत असेल? वाकून त्या भोकाला कान लावून बसलेला, की एवढी हवा जाते कशी.

तेवढ्यात मागून कुरकुर आली. गाडीवानाला आपलं चाक आवाजावरून कळतं हो! हा ताठ झाला. "हे माझं डावं चाक." बघतो तर विठोबा, मेव्हण्याचे बैल दोरीनं ओढत येतोय, आणि त्यानं स्वतः ठोकलेल्या गाडीला दयारामची जुनी चाकं. विठोबा खाली मान घालून म्हणाला, "तुजी जोडी फोडवली न्हाय रं माज्यानं."

सुपारी या गाडीतून त्या गाडीत गेली, विठोबाला बैल हाकता येईनात म्हणून कासरा दयारामनंच धरला, आणि शिंपल्या कडाकड चुरडत गाडी बंदरावर पोचली तेव्हा गलबत नुकतं हलायला लागलं होतं, पण माल चढला. गोदूबाई उभ्याच होत्या. "गाडी कुणाची?"

आता सांगा, काय म्हणेल? चाकं माझी म्हणावं तर ती सरकारजमा दाखवलेली, म्हणजे शंभर रुपये परत करा. जी सूट हाताला लागलीच नाही ती परत करायची? दयाराम म्हणाला, "विठोबाची."

"मग काम विठोबाचं," गोदूबाई म्हणाल्या.

विठोबा भला माणूस. म्हणाला, "मला कुठं हाकता येतंय? तू हाक, रोज देतो." तेव्हापासून दयाराम रोजावर विठोबाची गाडी हाकतो, आणि त्याची नवी गाडी अंगणात उभी आहे, तिच्यात राहीच्या कोंबड्या अंडी घालतात. परवा पुन्हा कासरा हातात घेऊन विठोबाच्या गाडीवर, त्या आपल्याच जुन्या चाकांवर, चढला आणि म्हणाला, "राही, सूट गेली कुठं गं?"

राही शेण थापत होती. शेजाऱ्याच्या म्हशीचं. मान वर न करता म्हणाली, "आता हाका की. बसलाय तिच्यावरच."