परवीन मॅडमचा उजवा हात

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय गोपाळकृष्ण सर, मंचावरील संस्थेचे पदाधिकारी, प्राध्यापक मंडळी, पालक आणि विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या परवीन मॅडम, सर्वांना माझा नमस्कार.

मी सर्जेराव. मार्केट यार्डात माझा कांद्याचा गाळा आहे, त्यामुळे ओरडायची सवय आहे, भाषणाची नाही. पालकांच्या वतीनं चार गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. पण मघाशी शाल स्वीकारताना मॅडमचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही, हे आपण पाहिलंत ना? ते पाहून गोड बोलायचं धाडस उरलं नाही.

मॅडम दरवर्षी मुलांना परदेशी अभ्यास सहलीला न्यायच्या. आधी स्वतः जाऊन हॉटेल, जवळचं इस्पितळ, समुद्रकिनारा, सगळं पाहून यायच्या. व्हिएतनामच्या सहलीआधी पालकसभेत त्यांच्या सूचना काही संपेनात. मी म्हणालो, "अहो मॅडम, पोरं सहलीला चाललीत की लढाईला?"

त्या म्हणाल्या, "सगळी सुखरूप परत आली, की सहल म्हणू या."

तिथं किनाऱ्यावर लाल झेंडा लागला होता. पाण्यात उतरायला बंदी. मॅडमनी सगळ्यांना वाळूतच थांबवलं. आमचे चिरंजीव मात्र व्हिडिओसाठी पाण्यात गेले आणि लाटेनं त्यांना आत ओढलं. जीवरक्षक लांब होता. मॅडम तशाच अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरल्या, पोराची कॉलर धरली ती सोडलीच नाही. त्यात त्यांचा खांदा निखळला.

आणि घरी येऊन चिरंजीव काय म्हणाले? "मॅडम फोनवर बोलत होत्या. आम्हाला कुणी अडवलंच नाही." मित्र गप्प बसले; याला म्हणे मैत्री म्हणतात. पालक भडकले, चौकशी बसली. मॅडम सांगत राहिल्या, "मी अडवलं होतं." कुणी ऐकलं नाही. सहलींचं काम काढून घेतलं गेलं, आणि आज त्या मुदतीआधीच निवृत्त होताहेत.

परवा या समारंभाचं निमंत्रण घरी आलं. जेवताना मी ते वाचून दाखवलं. पोरानं ताट बाजूला सारलं. "पप्पा, मी खोटं बोललो. तुम्ही माराल म्हणून."

मी हात उचलला नाही. ज्या बाईंनी माझा मुलगा परत आणला, त्यांचं नाव माझ्याच घरातून धुळीला मिळालं. हे तोंड घेऊन मी इथं कसा आलो, माझं मला ठाऊक.

तो आलाय. खाली गाडीत बसलाय, वर यायला धजत नाही.

नाही मॅडम, आपण उठू नका. बसा. आज त्याला आणायला आपण जायचं नाही. त्याचा तो येईल.

अध्यक्ष महाराज, त्याला बोलायची परवानगी द्यावी, एवढी विनंती. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मला माफ करा. त्याला मात्र इतक्यात माफ करू नका. आधी त्याला बोलू द्या.