पाटी नसलेलं झाड

अगं, तेच झाड कशाला हवं तुला – हे अलीकडचं बघ ना, याला ऊन चांगलं मिळतं – काय म्हणालीस, राटहाउसमधून, म्हणजे नगरपालिकेतून, तेच दिलंय? हो, बरोबर. बाकी सगळ्यांवर नावांच्या पाट्या आहेत म्हणा, त्याच्यावरच नाही. बस जरा. बाळ झोपलंय ना? मग बस. तू त्याच्याशी मराठीत बोलत होतीस म्हणून हाक मारली, नाहीतर इथे कोण कुणाशी बोलतंय.

हे सगळं नुसतं गवताचं रान होतं, माहितीये? बिल्डरला इमारती बांधायच्या होत्या. गावातले लोक उठले, शनिवारच्या बाजारात टेबल मांडून सह्या गोळा केल्या – आमचा निहार आणि सूनबाई, संपदा, दोघंही त्यात. गंमत म्हणजे या दोघांना स्वतःला सही करता येत नव्हती, पासपोर्ट आपला भारताचा ना – पण दुसऱ्यांच्या सह्या घ्यायला कोण अडवतंय? संपदाला सातवा महिना. थंडीत पोटावर शाल घेऊन खुर्चीत बसायची, आणि तिला बघून लोक आपणहून पेन उचलायचे. शेवटी नगरपालिकेनंही मान डोलावली, जागा कायमची बागेला दिली. मग शेजारच्या फ्राउ होल्झर आजींनी डोकं चालवलं – या वर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक पोराच्या नावानं एक सफरचंदाचं झाड लावायचं. पोरांच्या झाडांवर बुलडोझर घालायची छाती कुणाची होणार, सांग.

झाडं इथे नोव्हेंबरात लावतात, आणि आमचं बाळ डिसेंबरात येणार होतं. आता आपल्याकडे आधी काही आणत नाहीत, टोपडंसुद्धा नाही – तुला काय सांगायचं. मी आल्यापासून तेच धरून बसले होते, पाळणा नको, दुपटी नकोत. संपदा हसायची मला. पण झाड – झाड म्हणजे काय दुकानातली वस्तू आहे? आजी म्हणाल्या, तुम्ही एवढं राबलात, पहिलं झाड तुमच्या बाळाचं. मीच खड्ड्यात हळदकुंकू वाहिलं. पाटी तेवढी लावली नाही, नाव बारशाला ठेवू म्हणून.

बारसं झालं नाही, बाई.

मुलगी होती. डोकंभर जावळ – नर्सनं माझ्या हातात दिली ना, मला वाटलं, झोपलीय. मी तिला हलवत राहिले. शेवटी निहारनंच माझ्या हातातून घेतली.

बघ, हे तुला सांगायचं नव्हतं मला. मी नुसतं झाडाला पाणी घालायला आले होते. आता तू म्हणशील, नको बाई ते झाड, माझं बाळ लहान आहे. अगं, म्हण, मी तुझ्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि तोंडावर सांगितलं असतं वर. पण झाडाचा काय गुन्हा? बघ तरी, थंडीतून तगलंय, किती फुटलंय. निहार-संपदा बॉबलिंगेनला गेली राहायला. जी बाग वाचवायला ती पोर थंडीत बसली, ती तिला आता बघवत नाही. मीच येते इथे झारी घेऊन – पण परवा माझं विमान आहे, वाढवून घेतलेला व्हिसाही संपतोय. मग कोण आहे त्याला? उन्हाळ्यात पाणी नाही मिळालं तर वाळेल, आणि वाळलं की उपटून टाकतील. तेवढं सोसायचं नाही मला, खरंच सांगते.

तू काय करतेयस – पिशवीत आणलीयस पाटी? बरं. बरं, बरं. ही झारी घे, नळ त्या कोपऱ्यात आहे. बुंध्याला लागून ओतू नकोस, जरा लांबून घाल.

थांब, आत्ता बांधू नकोस. मी त्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत थांब. आणि नाव मला सांगू नकोस.